‘सांगितलं होतं ना!’ : कामाच्या ठिकाणी निरोप हरवतो कुठे आणि काम बिघडतं कसं

वर्षअखेरीस अप्रेझलचा फॉर्म हातात पडतो. कामाचा दर्जा, वेळेत संपवलेली कामं, हजेरी हे रकाने कळतात. मग ‘कम्युनिकेशन’ नावाचा एक रकाना येतो आणि तिथे पाचपैकी अडीच मार्क असतात. का, ते कुणी सांगत नाही. गोदामात मालाची नोंद ठेवणारा म्हणतो, “माझा हिशेब आजवर चुकला नाही, मग बोलण्याचे मार्क कापायचं कारण काय?” प्रोग्रॅम लिहिणारीला वाटतं, आपण चारचौघांत फर्डं बोलत नाही म्हणून ही शिक्षा. ज्यांनी मार्क दिले त्या साहेबांना विचारावं, तर तेही जरा चाचपडतात. (संवादाचे मार्क का कापले हे न सांगणं, यातच खरं तर अर्धा विषय आला.)

बोलण्याचा आणि कामाच्या दर्जाचा खरंच संबंध असतो का? असेल तर तो नेमका कुठून येतो? आणि जे जे बिघडलं त्याचं खापर ‘कम्युनिकेशन गॅप’वर फोडणं कितपत बरोबर? त्या एका रकान्याच्या निमित्ताने हे जरा उलगडून बघू.

## संवाद म्हणजे भाषण का?

संवाद म्हटलं की स्लाइड दाखवत सफाईने बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कामापुरती व्याख्या याहून साधी आहे. एकाच्या डोक्यातली गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात वेळेवर पोचली आणि तिच्यावर काम करता आलं, तर संवाद झाला. यातला कळीचा शब्द ‘पोचली’ हा. पत्र पेटीत टाकणं आणि पत्र मिळणं यांत जो फरक आहे, तोच ‘मी सांगितलं’ आणि ‘त्याला कळलं’ यांत आहे. म्हणून तर महत्त्वाच्या कागदाची पोचपावती घेतात. आपण मात्र दिवसभर तोंडी, फोनवर, ग्रुपवर निरोप पाठवत असतो आणि पोचपावती क्वचितच मागतो.

जाता जाता एक जळमट काढून टाकतो. ट्रेनिंगच्या वर्गात तुम्ही ऐकलं असेल की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. तिथला प्रश्न फार मर्यादित होता: शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच सांगतोय, अशा वेळी बोलणाऱ्याला समोरचं माणूस आवडतं की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो? भावना आणि आवडीनिवडी सोडून इतर बोलण्याला हे गणित लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलं आहे. शब्दांना ७ टक्केच किंमत असती, तर मशीन बंद करायचा क्रम नुसत्या हातवाऱ्यांनी शिकवता आला असता.

## टेबलावर वाजवलेलं गाणं

निरोप पोचत का नाही, हे समजायला १९९० मधला एक प्रयोग फार कामाचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी माणसांच्या जोड्या केल्या. एकाने सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं की समोरचा किती वेळा ओळखेल. त्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा तरी. एकूण १२० गाणी वाजवली गेली. ओळखली गेली ३.

वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, सूर, वाद्यांसकट अख्खं गाणं चालू असतं. त्यामुळे ‘इतकं सोपं कसं ओळखता येत नाही’ म्हणून तो वैतागतो. ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक येते. आणि मेख अशी की, एकदा डोक्यात गाणं वाजायला लागलं की ते वाजत नसतं तर कसं ऐकू आलं असतं, याची कल्पनाच करता येत नाही.

आता ऑफिसात या. साहेब जाता जाता म्हणतात, “तो रिपोर्ट जरा लवकर बघून टाक.” त्यांच्या डोक्यात पूर्ण गाणं आहे: उद्या सकाळी वरच्यांबरोबर मीटिंग, गेल्या खेपेला तिसऱ्या पानावरचे आकडे चुकले होते, तेवढे मूळ नोंदींशी ताडून घ्यायचे. ऐकणाऱ्याला मिळाली टकटक. ‘लवकर’ म्हणजे आज की या आठवड्यात? ‘बघून टाक’ म्हणजे वाचायचा, दुरुस्त करायचा, की पुढे पाठवूनच द्यायचा? तो बिचारा दोन तास बसून वाक्यं सुधारतो, समास नीट करतो, शीर्षकं ठळक करतो. तिसऱ्या पानावरचे आकडे जसेच्या तसे राहतात. दुसऱ्या दिवशी साहेबांची शोभा होते आणि अप्रेझलला त्याच्या नावापुढे ‘लक्ष देऊन काम करत नाही’ असा शेरा पडतो.

या गोष्टीत कौशल्य होतं, कष्टही होते, वेळही दिला होता. नव्हती ती फक्त नेमकं काय हवंय याची माहिती. संवाद आणि कामगिरीचा पहिला सांधा इथे आहे. चुकीच्या दिशेने कितीही जोरात वल्हवलं तरी होडी किनाऱ्याला लागत नाही आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, वल्हवणाराच कमजोर.

लिहून कळवलं की प्रश्न मिटतो, असंही नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ई-मेलमधला सूर किती कळतो ते तपासलं. वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, एवढंच वाचणाऱ्याने ओळखायचं होतं. पाठवणाऱ्यांना वाटलं, ७८ टक्के वेळा तरी कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आली असती! तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र सूर पुष्कळ बरा ओळखला गेला. चॅटवर साहेबांचं नुसतं ‘ठीक आहे.’ आलं की ते पूर्णविरामासकट चारदा वाचून आपण अर्धा तास का घालवतो, याचं उत्तर यात असावं.

## धुक्यातला एक ‘ओके’

निरोप पाठवला पण पोचला नाही, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण विमान वाहतुकीतलं आहे. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, आणि एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट: एक केएलएमचं, एक पॅन ॲमचं. केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं होतं. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. सहवैमानिकाने मार्गाची सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, “वी आर नाऊ ॲट टेकऑफ.” त्याला म्हणायचं होतं, आम्ही निघालोय. विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाला कळलं, उड्डाणाच्या जागेवर उभे आहोत. नियंत्रक म्हणाला “ओके” आणि पुढे सांगितलं की थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर ऐकू आली ती बरीचशी कर्कश शिटी.

इथवर ही टेबलावरच्या टकटकीचीच गोष्ट आहे. पण पुढे आणखी एक घडलं. विमान वेग घेत असताना केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टन कंपनीचे नावाजलेले, इतर वैमानिकांना शिकवणारे. त्यांनी ठामपणे ‘झालंय’ म्हटलं. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही.

यानंतर बोलण्याचे नियम बदलले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. महत्त्वाची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती ऐकून तपासायची, यावर भर वाढला. थोडक्यात, पोचपावती सक्तीची झाली. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेतून कॉकपिटमधल्या माणसांना एकमेकांशी बोलायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकून घ्यायची, हा त्याचा गाभा. विमान उडवणं त्या सगळ्यांना उत्तम येत होतं, हे ध्यानात घ्या.

## ‘आमचं ऑफिस म्हणजे काही विमान नाही’

बरोबर आहे. तुमच्याकडे निरोप हरवला म्हणून कुणी मरत नाही. फार तर एक काम दोनदा करावं लागतं. पण ‘दोनदा करावं लागतं’ हीच तर गोष्ट आहे. रोजच्या नोकरीत निरोप हरवल्याची किंमत तुकड्यातुकड्याने जाते: पुन्हा केलेलं काम, वाट बघण्यात गेलेली दुपार, दोघांनी एकच केलेली फाइल आणि दोघांनीही न केलेली दुसरी. ताळेबंदात याचा रकाना नसतो, त्यामुळे ती दिसत नाही.

हा तोटा मोजून दाखवणारी चांगली उदाहरणं रुग्णालयांत सापडतात, कारण तिथे चुकांची नोंद बारकाईने करता येते. शिफ्ट बदलताना एक डॉक्टर दुसऱ्याच्या हाती रुग्ण सोपवतो. हे दोन-तीन मिनिटांचं बोलणं. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत या बोलण्याला एक ठरावीक घडी घालून दिली: रुग्ण किती गंभीर आहे, आतापर्यंत काय झालं, काय करायचं बाकी आहे, रात्रीत काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. शेवटी, ऐकणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल असे: १०,७४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

‘एवढं सगळं बोलत बसायला वेळ कुणाला आहे’ हा पुढचा आक्षेप. तर त्याच अभ्यासात वेळही मोजला होता. एका रुग्णामागे आधी सरासरी २.४ मिनिटं लागत होती, नंतर २.५. म्हणजे सहा सेकंद. डॉक्टरांचं ज्ञान काही रातोरात वाढलं नव्हतं. बदलली ती बोलण्याची पद्धत.

## वर न जाणारा निरोप

आतापर्यंत बोललो ते मुख्यतः वरून खाली किंवा आडव्या जाणाऱ्या निरोपाबद्दल. माझ्या मते खरं नुकसान दुसरीकडेच होतं. खालच्या माणसाला दिसलेली गोष्ट वर पोचत नाही, तिथे.

संशोधक एमी एडमंडसन १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. ज्या टीममध्ये एकमेकांशी चांगलं जमतं तिथे औषध देण्यातल्या चुका कमी होत असणार, हा त्यांचा साधा अंदाज. आकडे हाती आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त! डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की त्या टीम जास्त चुका करत नव्हत्या, झालेल्या चुका सांगत होत्या. इतर ठिकाणी चुका होत होत्या आणि लपत होत्या. लपलेली चूक दुरुस्त होत नाही आणि पुन्हा होते.

या अनुभवातून पुढे एडमंडसन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना टीमच्या संदर्भात मांडली. शंका विचारली, चूक कबूल केली, वाईट बातमी सांगितली तरी आपला अपमान होणार नाही, आपल्यावर डूख धरला जाणार नाही, असा टीममधल्या लोकांना वाटणारा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता. गुगलने आपल्या १८० टीम तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला तेव्हाही चांगल्या टीमना वेगळं करणाऱ्या गोष्टींत हीच पहिली निघाली. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त वजन होतं.

मी स्वतः एका कामावर होतो तिथली गोष्ट. दर शुक्रवारी साहेब विचारायचे, “काही अडचण?” सगळे एका सुरात, “नाही सर.” ठरलेल्या तारखेला ते काम होणं शक्य नाही, हे टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्यांना महिनाभर आधी ठाऊक होतं. मीही गप्प बसलो. कारण आधी ज्याने तोंड उघडलं होतं त्याला “तू फार निगेटिव्ह बोलतोस” असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं होतं. साहेबांना कळलं ते तारखेच्या दोन दिवस आधी. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “मी दर आठवड्याला विचारत होतो ना?” विचारत होते, खरं आहे. दार उघडं होतं, फक्त उंबऱ्यावर मागच्या माणसाची चप्पल तुटून पडलेली सगळ्यांना दिसत होती.

‘प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या’ हे वाक्य अनेक साहेबांना फार आवडतं. मला ते धोकादायक वाटतं. ज्याच्याकडे उत्तर आहे तो प्रश्न स्वतःच सोडवतो. साहेबांची गरज असते ती ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला, आणि या वाक्याने नेमकं त्याचंच तोंड बंद होतं. टोयोटाच्या कारखान्यात याच्या उलट व्यवस्था आहे. कामगाराला काही गडबड वाटली की त्याने दोर ओढायचा किंवा बटण दाबायचं. टीम लीडर धावत येतो आणि दोघांनाही गडबड निस्तरता आली नाही तर लाइन थांबते. दोर ओढायला उत्तर माहीत असावं लागत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, मग कुणी काहीही बोलेल, कुणी चुका करेल आणि सगळं माफ! तसं नाही. सुरक्षितता बोलण्याला आहे, ढिसाळ कामाला नाही. तीच चूक पाचव्यांदा केली तर जाब विचारायलाच हवा. चूक सांगितल्याबद्दलची शिक्षा आणि चूक केल्याबद्दलचा जाब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या म्हणजे झालं. हे बोलायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण दोन्ही वेळा साहेबांचा चेहरा तसाच पडलेला असतो.

## फीडबॅक दिला की काम सुधारतंच ना?

नेहमी नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून ६०७ निष्कर्ष ताडून पाहिले. सरासरी काढली तर फीडबॅकने काम सुधारत होतं. पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलं होतं.

असं का, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. “चौथ्या आणि सातव्या नोंदीत तारीख आणि रक्कम उलटी पडली आहे” असं ऐकलं की लक्ष त्या नोंदींकडे जातं. “तू निष्काळजी आहेस” ऐकलं की लक्ष स्वतःकडे वळतं: मी खरंच तसा आहे का, साहेबांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, शेजारच्याने ऐकलं का. दुपारभर डोकं या खटल्यात वकिली करत राहतं आणि नोंदी तशाच पडून राहतात. नुसती स्तुतीही याला अपवाद नाही. “तू हुशार आहेस” यातून उद्या काय करायचं, हे कळत नाही.

## ‘काय करायचं ते सांगा, कशासाठी ते नको’

काही लोकांना वाटतं की काम नेमून दिलं की पुरे, त्यामागची कहाणी ऐकवत बसायचं कारण नाही. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला एक प्रयोग याच्याशी ताडून बघा. एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमधली मुलं दिवसभर फोन करून देणग्या मागत. कंटाळवाणं काम, बहुतेक फोनवर नकार. त्यांतल्या एका गटाची पाच मिनिटं भेट घडवून आणली ती याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी. महिन्याभराने पाहिलं तर त्या गटाचा फोनवर बोलण्याचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमलेल्या देणग्यांची रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. दुसऱ्या एका गटाला त्या विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं होतं. त्यांच्यात काही फरक पडला नाही.

इतकी उडी सगळीकडे मिळेल असं कुणी समजू नये. पण आपल्या कामाचा दुसऱ्या टोकाला कुणाला उपयोग होतो हे दिसणं, ही सुद्धा कामाचीच माहिती आहे.

## मग जितकं जास्त बोलू तितकं चांगलं?

इथे बरीच ऑफिसं फसतात. निरोप हरवतो म्हटल्यावर मीटिंगा वाढवतात, ग्रुप वाढवतात, सगळ्यांना सगळ्या मेलच्या प्रती पाठवतात.

साधं अंकगणित करू. पाच जणांच्या टीममध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं तर जोड्या होतात १०. माणसं दहा केली की जोड्या ४५. पंधरा केली की १०५. माणसं तिप्पट, बोलण्याच्या वाटा दहापटीहून जास्त. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी उशिरा होतं, असं फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे आणि त्यामागचं एक कारण हेच गणित. नव्या माणसाला सगळं समजावणारा जुना माणूस तितका वेळ काम करत नसतो.

मध्यंतरी भिंती पाडून सगळ्यांना एका मोकळ्या दालनात बसवायची लाट आली. लोक आपसूक एकमेकांशी बोलतील, हा त्यामागचा विचार. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून असा बदल होण्याआधीचं आणि नंतरचं वागणं मोजलं. २०१८ मध्ये छापून आलेला निकाल: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल, चॅट वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस कानाला हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभी करतो.

ग्रुपवर टाकणं ही तर पळवाटच झाली आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर ‘कृपया लक्ष द्यावे’ टाकलं की पाठवणाऱ्याला हायसं वाटतं. वाचणारे एकोणचाळीस जण समजतात, हे बाकीच्या अडतीस जणांसाठी असणार. खाली आलेले अंगठे मोजून पोचपावती मिळाल्यासारखं वाटतं, पण अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. ‘करतो’ असा त्याचा अर्थ नाही.

## संवादामुळे काम सुधारतं, की काम नीट चाललंय म्हणून संवाद चांगला?

हा सगळ्यात चोख आक्षेप आहे. जिंकणाऱ्या टीममध्ये सगळे एकमेकांशी छान बोलतात, हे कुणीही सांगेल. सर्वेक्षणात दोन्ही एकत्र दिसले म्हणून एकामुळे दुसरं झालं, असं ठरत नाही. म्हणून इथे मी शक्यतो असे अभ्यास घेतले जिथे फक्त बोलण्याची पद्धत बदलून फरक मोजला गेला. त्यांतही रुग्णालयांचा अभ्यास आधी आणि नंतर अशा तुलनेचा आहे, पक्का प्रयोग नव्हे. गुगलचा निष्कर्ष तर निरीक्षणच.

सावध राहायला आणखी एक कारण आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांची कहाणी व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात: दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण कामगारांकडे कुणीतरी लक्ष देत होतं. २०११ मध्ये स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी दिव्यांच्या प्रयोगाची जुनी आकडेवारी मिळवून पुन्हा तपासली. कहाणीत रंगवतात तसा ठळक परिणाम त्यांना त्यात सापडला नाही.

आणि काही दुखणी संवादाची नसतातच. पाच माणसांचं काम तिघांवर टाकलं असेल, यंत्र जुनाट असेल, पगार वेळेवर होत नसेल, तर मनमोकळ्या गप्पांनी काही होणार नाही. अशा ठिकाणी ‘आपला संवाद कमी पडतोय’ असं म्हणणारे साहेब बहुतेकदा खर्च टाळत असतात.

## ‘पण माझा स्वभावच अबोल आहे’

असू दे. वरच्या एकाही उदाहरणात बडबडेपणाचा फायदा झालेला नाही. पोचपावती द्यायला एक वाक्य लागतं: “म्हणजे उद्या दहाच्या आत तिसऱ्या पानाचे आकडे मूळ नोंदींशी ताडून तुम्हाला पाठवतो, बरोबर?” पहिल्यांदा असं म्हणताना जरा शाळकरी वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी समोरचा “हो, आणि पाचवंही बघ” म्हणतो, तेव्हा ते पाचवं पान त्यालाही आत्ताच आठवलेलं असतं.

काम सोपवणाऱ्याने ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून दिला तरी पुष्कळ. त्याला ‘हो’ खेरीज उत्तर मिळत नाही, कारण ‘नाही’ म्हणणं म्हणजे आपण बावळट असल्याची कबुली. त्याऐवजी ‘सुरुवात कुठून करशील?’ विचारावं. उत्तराच्या पहिल्या वाक्यातच कळतं की त्याच्या डोक्यात गाणं वाजतंय की टकटक.

राहिला तो अप्रेझलचा रकाना. पुढच्या खेपेला तिथे अडीच मार्क दिसले तर साहेबांना एकच विचारा: “या वर्षात माझ्याकडून तुम्हाला कुठली गोष्ट उशिरा कळली?” नेमका प्रसंग सांगता आला तर मार्क बहुधा योग्य आहेत आणि काय सुधारायचं तेही मिळालं. नाही सांगता आला तर अडीचचे साडेतीन करून मागायला हरकत नाही. तुम्ही स्वतः साहेब असाल तर हाच प्रश्न उलटा करून टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा: “माझ्याकडून तुला कुठली गोष्ट उशिरा कळली?” सगळ्यांचं उत्तर ‘काहीच नाही सर’ असं आलं, तर शुक्रवारच्या मीटिंगची वर सांगितलेली गोष्ट पुन्हा एकदा वाचा.